मधु दंडवते : राजापुरातून पाच वेळा निवडून आले, पण सभागृहात मत कुठे टाकलं?

कातळसडा

मंडळी, लोकसभेची निवडणूक होऊन गेली तरी आमच्या गावच्या वॉट्सअॅप ग्रुपवरचं भांडण काही संपेना. आपल्या भागातून जे खासदार दिल्लीला गेले त्यांनी तिथे नक्की केलं काय? म्हणजे भाषणं, उद्घाटनं, आरतीला हजेरी वगैरे सोडून द्या, सभागृहात मत कुठल्या बाजूला टाकलं हे कोणी सांगेल का? अमेरिकेत म्हणे एकेका सिनेटरची सगळी मतं घरबसल्या बघता येतात, मग आपल्याकडे का नाही.

सुरुवात मधु दंडवत्यांपासून करतो कारण त्यांच्याबद्दल पक्षाबिक्षाच्या पलीकडे जाऊन बोलता येतं असं मला वाटतं (बघू किती वेळ टिकतंय ते). १९७१, ७७, ८०, ८४, ८९ अशा सलग पाच निवडणुका कोकणातल्या राजापूर मतदारसंघातून जिंकले, काँग्रेसच्या तिकिटावर एकदाही नाही. आणि माणूस मूळचा इथला पण नव्हे, जन्म अहमदनगरचा, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. बाहेरच्या माणसाला आपल्या लोकांनी पाच वेळा निवडून दिलं आणि सहाव्यांदा घरी बसवलं, दोन्ही का झालं तेही कोणीतरी लिहा.

मास्तर

दंडवत्यांपासून सुरुवात केलीत तर अर्धी गोष्ट सुटते. आधी नाथ पै. वेंगुर्ल्याचा माणूस, बॅरिस्टर, १९५७, ६२ आणि ६७ अशा तीन निवडणुका राजापुरातून जिंकले. १८ जानेवारी १९७१ ला गेले, वय पन्नाशीच्या आत. लोकसभा त्याच्या तीनेक आठवडे आधीच बरखास्त झाली होती आणि मार्चमध्ये निवडणूक होती, म्हणून प्रजा समाजवादीने दंडवत्यांना उभं केलं. त्या लाटेत पक्षाचे देशभरात दोनच खासदार आले, एक हे आणि दुसरे बंगालातल्या कांथीचे समर गुहा. म्हणजे पहिली निवडणूक बरीचशी नाथ पैंच्या पुण्याईवर, हे मान्य करायला हरकत नाही. पुढच्या चार मात्र स्वतःच्या. १९५७ पासून १९९१ पर्यंत, ३४ वर्षं, ही सीट काँग्रेसला मिळालेली नाही. महाराष्ट्रात असा दुसरा मतदारसंघ शोधून दाखवा.

आणि मतांचंच बोलायचं तर नाथ पैंचं खाजगी विधेयक (म्हणजे सरकारचं नव्हे, खासदाराने स्वतः मांडलेलं) विसरू नका. फेब्रुवारी १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोलकनाथ खटल्यात निकाल दिला की मूलभूत हक्कांना संसदेने हात लावायचा नाही. एप्रिलमध्येच नाथ पैंनी विधेयक मांडलं की घटनेचा कुठलाही भाग दुरुस्त करायचा अधिकार संसदेलाच हवा. विरोधी बाकावरचा माणूस संसदेचे अधिकार वाढवा म्हणतोय हे आज कोणाला पटणार पण नाही. खूप चर्चा झाली, संयुक्त समितीकडे गेलं, मंजूर काही झालं नाही. शेवटी १९७१ मध्ये २४वी घटनादुरुस्ती करून इंदिराबाईंच्या सरकारने तेच केलं, तेव्हा नाथ पै हयात नव्हते. आणि पुढे त्याच अधिकाराचा वापर करून ४२वी दुरुस्ती आली, तेव्हा नाथ पैंच्या समाजवादी मित्रांपैकी कितीतरी तुरुंगात होते. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

तिरफळ

धागाकर्ते, तुमचा प्रश्न बरोबर आहे पण उत्तर ऐकून निराश व्हाल. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने पास होतात. अध्यक्ष विचारतात बाजूने कोण, विरोधात कोण, दोन्हीकडून आरडाओरडा होतो, अध्यक्ष म्हणतात होकारवाले जास्त, झालं. कोण ओरडला कोण गप्प बसला याची नोंद कुठेच नाही. कोणी सदस्य उठून मतविभाजन मागेल तेव्हाच बटणं दाबली जातात, हिरवं बाजूने, लाल विरोधात, पिवळं तटस्थ, आणि बोर्डावर आकडे येतात. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं म्हणून तिथे मतविभाजन होतंच. विश्वास-अविश्वास ठरावाला पण बहुतेक वेळा होतं, पण २०२३ चा अविश्वास ठराव आवाजीवरच फेटाळला गेला. म्हणजे खासदाराच्या आख्ख्या करिअरमधली मोजकीच मतं कागदावर सापडतात.

दुसरी गोष्ट १९८५ ची. ५२व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली, दहावं परिशिष्ट. व्हिप म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश मोडला तर खासदारकी जाऊ शकते. त्यामुळे ८५ नंतरचं मत हे त्या माणसाचं नाहीच, पक्षाचं आहे. म्हणून ते संसदेच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या पीआरएस संस्थेवाले वगैरे २००९ पासून जी माहिती देतात तिच्यात हजेरी, प्रश्न, चर्चा, खाजगी विधेयकं असतात, मतांचा रकाना नसतो. अमेरिकेशी तुलना इथेच संपते.

सोलकढी

तिरफळ +१. फक्त एक भर घालते. जुन्या लोकसभा चर्चांच्या पीडीएफ नेटवर आहेत आणि जिथे मतविभाजन झालंय तिथे नावांची आख्खी यादी छापलेली असते, आडनावाच्या अकारविल्हे. सातव्या लोकसभेच्या म्हणजे १९८० ते ८४ च्या याद्या उघडून बघा, 'दंडवते, प्रो. मधु' आणि लगेच खाली 'दंडवते, श्रीमती प्रमिला'. नवरा राजापूरचा, बायको मुंबई उत्तर मध्यची, दोघं एकाच सभागृहात. आणि यादीच्या तळाला बारीक अक्षरात तळटीप असते की खालील सदस्यांनीही मत नोंदवलं, म्हणजे ज्यांचं मशीन चाललं नाही किंवा भलतंच बटण दाबलं गेलं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलेलं. म्हणून बोर्डावरच्या आकड्यापुढे 'दुरुस्तीच्या अधीन' असं लिहितात. बातमीत येतो तो बोर्डावरचा आकडा, आणि छापील चर्चेत कधीकधी वेगळा निघतो, मग लोक भांडत बसतात.

प्रमिलाताईंनी १९८० मध्येच हुंडाबंदी कायदा कडक करायला खाजगी विधेयक मांडलं होतं. ते तसंच्या तसं पास झालं नाही पण ८४ आणि ८६ मध्ये सरकारलाच कायदा सुधारावा लागला. इथे धागा फक्त मधुकाकांवर आहे म्हणून थांबते, पण 'दंडवत्यांचं योगदान' म्हटलं की बायकोचं नाव कंसात पण येत नाही याचा राग येतो मला.

चाकरमानी_कल्याण

अहो तुमी हय मताचा काय घेऊन बसलास. मधु दंडवत्यान रेल्वे आणली ह्या एक वाक्य आमच्या आजयेक म्हायत होता, घटनादुरुस्ती कोणाक म्हायत हा?

मराठीत लिहितो नाहीतर मास्तर ओरडतील. ७७ ला जनता सरकारात रेल्वेमंत्री झाले. तोवर सेकंड क्लासच्या बर्थला नुसत्या लाकडी फळ्या असायच्या, पाठ मोडायची, त्यांनी दोन इंचाचा फोम घालायला लावला. आज स्लीपरने जाणारा प्रत्येक माणूस त्या फोमवर झोपतो आणि त्याला नाव माहीत नसतं. ७४ च्या संपात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या त्या रेल्वे कामगारांना परत घेतलं. डिसेंबर ७७ मध्ये मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू केली, तिला फर्स्ट क्लासच नव्हता, सगळे एका दर्जाचे. आता तिलाही एसी डबे लागतात म्हणा. आणि आपल्यासाठी आपटा-रोहा लाइनचं काम हलवलं, तिथेच पुढच्या कोकण रेल्वेचं पहिलं पाऊल पडलं.

पायरीचा_आंबा

झालं सुरू आरतीपाठ. जरा हिशोब मांडू का? आपटा-रोहा पूर्ण व्हायला १९८६ उजाडलं. रेल्वेमंत्री ७९ पर्यंत होते, तेव्हा रोह्याच्या खाली एक फूट रूळ पडलेला नव्हता. कोकण रेल्वे कॉर्पोरेशन जुलै १९९० मध्ये झालं, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, आणि काम केलं ते श्रीधरन यांनी, ७४१ किलोमीटर, जानेवारी ९८ मध्ये पूर्ण. तोवर दंडवते खासदार पण नव्हते. मग 'दंडवत्यांनी आणली' कसं?

आणि दोन दशकं खासदार राहून मतदारसंघात धड उद्योग आला का? पोरं मुंबईला गिरणीत आणि हॉटेलात जायची ती जातच राहिली. अर्थमंत्री म्हणून ९० ला दहा हजारांपर्यंतची शेतकऱ्यांची कर्जं माफ केली, त्याने बँकांची वसुलीची सवय मोडली ती मोडलीच, आणि ९१ ला देशाला सोनं गहाण ठेवायची वेळ आली. सगळा दोष एकट्याच्या डोक्यावर घालत नाही, ते सरकार ११ महिनेच होतं आणि तूट आधीपासूनची होती. पण साधा राहणारा, पैसे न खाणारा माणूस म्हणजे आपोआप चांगला मंत्री, हे समीकरण मला कधीच कळलं नाही.

तिरफळ

पायरी, रेल्वेचं अर्ध बरोबर आहे तुझं. पण ९० मध्ये अर्थमंत्री कोण होतं हे तू खालच्या परिच्छेदात लिहिलंस आणि वरच्याला जोडलं नाहीस. कॉर्पोरेशनची रचनाच अशी होती की रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ ६-६, आणि बाकीचा बराच पैसा करमुक्त बाँड काढून बाजारातून उचलायचा. नेहमीच्या रेल्वे बजेटमधून ही लाइन करायची म्हटली असती तर आजही कुठेतरी चिपळूणला अडकली असती. करमुक्त बाँड म्हणजे अर्थखात्याची सही. जॉर्जना एकट्याने ते जमलं नसतं. रेल्वे फर्नांडिस, अर्थ दंडवते, बांधायला श्रीधरन, ही तिघं एका वेळी एका जागी आली हे नशीब म्हण हवं तर.

कर्जमाफीवर मात्र तुझ्याशी सहमत.

दर्यावर्दी

जॉर्जचा विषय निघालाच आहे तर मूळ प्रश्नावर येतो. मतांची नोंद नाही म्हणजे माणूस ओळखता येत नाही असं नाही. जुलै १९७९ बघा. यशवंतरावांनी मोरारजी सरकारवर अविश्वास ठराव आणला. जॉर्ज फर्नांडिसांनी सभागृहात उभं राहून सरकारची जोरदार बाजू मांडली आणि दोनतीन दिवसांत राजीनामा देऊन पलीकडे गेले. मधु लिमये पण चरणसिंगांच्या बाजूला. म्हणजे जुने समाजवादी सोबती एकेक करून निघाले. दंडवते हलले नाहीत. १५ जुलैला मोरारजींनी मतदानाच्या आधीच राजीनामा दिला, त्यामुळे त्या ठरावावर मत पडलंच नाही, यादी नाही, बटण नाही, काही नाही. पण कोण कुठे उभा होता हे सगळ्या देशाने बघितलं. आणि तेव्हा पक्षांतरबंदी नव्हती हे लक्षात घ्या, गेले असते तर खासदारकीला धक्का नव्हता, मंत्रीपद पण कदाचित टिकलं असतं.

१९८० ला जनता पक्षाचा देशात पार धुव्वा उडाला, महाराष्ट्रात ४८ पैकी ३९ इंदिरा काँग्रेसच्या, तरी राजापूर यांच्याकडेच. १९८४ तर त्याहून भारी. इंदिराबाईंच्या हत्येनंतरची लाट, महाराष्ट्रात काँग्रेस ४३. उरलेले पाच कोण? बारामतीला पवार, औरंगाबादला त्यांच्याच पक्षाचे डोणगावकर, मुंबईत दत्ता सामंत, कुलाब्यात शेकापचे दि. बा. पाटील आणि राजापूरला दंडवते. पाचातले दोन आपल्या कोकणातले. आज टीव्हीवर बसून कोण म्हणालं ना की कोकणी माणूस लाटेत वाहून जातो, तर त्याला हे ४८ चं गणित घालायचं.

कातळसडा

वा, हा ८४ चा मुद्दा डोक्यातच नव्हता आला. बरं मग तुरुंगाचं पण कोणीतरी लिहा, आणीबाणीत ते बंगळूरला होते ना अडवाणी-वाजपेयींबरोबर?

मास्तर

होय. आणि बंगळूरलाच का, ते ऐका. पक्षांतरबंदी विधेयकावरच्या संसदीय समितीची बैठक तिथे होती, त्यासाठी हे सगळे गेलेले. २६ जून १९७५ ला सकाळी आणीबाणीची बातमी आली आणि वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्र, दंडवते तिथल्या तिथे अटकेत. खासदारांनी पक्ष सोडू नये म्हणून कायदा करायला बसलेली माणसं गजाआड. प्रमिलाताई येरवड्यात. नवराबायकोचा पत्रव्यवहार चालायचा, तो सेन्सॉरच्या डोळ्यांखालून.

त्याचं फळ म्हणा, ७८ मध्ये मोरारजी सरकारने ४४वी घटनादुरुस्ती केली, दंडवते त्या मंत्रिमंडळात होते. आणीबाणी लावायला पूर्वी 'अंतर्गत अशांतता' एवढं कारण पुरायचं, तिथे 'सशस्त्र बंड' असं घातलं. शिवाय आणीबाणी लागली तरी जगण्याचा हक्क गोठवता येणार नाही अशी सोय केली. अकरावीच्या पोरांना मी हे शिकवायचो तेव्हा त्यांना कंटाळा यायचा, मलाही कधीकधी यायचा, पण ४४वी नसती तर पुढच्या कुठल्या सरकारने काय केलं असतं याचा विचार करा.

पायरीचा_आंबा

मास्तर, सगळं मान्य. पण मग ९१ ला का पडले? एवढं सगळं होतं तर लोक विसरले का? काँग्रेसचे सुधीर सावंत, सैन्यातून आलेला नवखा माणूस, त्याने हरवलं.

चाकरमानी_कल्याण

विसरले नाय, बदलले. ९० ला व्ही. पी. सरकार पडलं, ७ नोव्हेंबरला विश्वासठरावावर १४२ विरुद्ध ३४६. हे एक मत बघा धागाकर्ते, तुम्हाला हवं होतं ना रेकॉर्ड. मंडल झालं, रथयात्रा झाली, लालूंनी अडवाणींना अडवलं, भाजपने पाठिंबा काढला. दंडवते हरणाऱ्या बाजूला बसले, कारण दुसरीकडे बसायचा प्रश्नच नव्हता.

पण गावात तेव्हा काय चाललेलं? शिवसेना. मुंबईहून गणपतीला, शिमग्याला येणारा प्रत्येक पोरगा शाखेचा. नारायण राणे ९० ला आमदार झाले ते शिवसेनेचेच. जनता दलाची शाखा कुठच्या वाडीत होती सांगा बघू? जुने सेवादलवाले म्हातारे झाले, त्यांची पोरं बाळासाहेबांच्या सभेला जायला लागली. लढत तिरंगी झाली आणि काँग्रेसवाला निघाला. ९६ ला तर सुरेश प्रभू शिवसेनेकडून आलेच, ते २००४ पर्यंत चार वेळा. माझ्या मते दंडवते ९१ ला पडले नाहीत, त्यांचा मतदार ८५ नंतर हळूहळू संपला आणि ते ९१ ला दिसलं.

सोलकढी

हे पटलं. आणि पडल्यावर माणूस गप्प घरी नाही बसला, ९६ ते ९८ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. २००५ ला गेले तेव्हा देहदान केलं, जेजेला.

दर्यावर्दी

प्रभूंचं पण बघूया की, नाहीतर धागा एकाचाच व्हायचा. वीजमंत्री म्हणून त्यांनी जे विधेयक आणलं त्याचाच पुढे २००३ चा वीज कायदा झाला. पण पक्षाने सांगितलं म्हणून २००२ ला मंत्रीपद सोडावं लागलं. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी एका मताने पडले, २६९ विरुद्ध २७०, शिवसेना सरकारच्या बाजूने होती. त्यात वेगळं काही नाही, व्हिप. २००८ च्या पुनर्रचनेत राजापूर मतदारसंघच गेला, रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला, २००९ ला प्रभू निलेश राण्यांकडून पडले. रेल्वेमंत्री झाले ते २०१४ ला भाजपमध्ये गेल्यावर, राज्यसभेतून, तेही आधी हरियाणातून मग आंध्रातून. म्हणजे राजापूरने दोन रेल्वेमंत्री दिले पण दुसरा राजापूरने नाकारल्यावर झाला. ९२ वर्षं चाललेलं वेगळं रेल्वे बजेट यांच्याच काळात बंद पडलं.

पुढे शिवसेनेचे खासदार विनायक राऊतांचं २०१४ ते २४ बघा, तिथे व्हिप म्हणजे काय ते स्वच्छ कळतं. जुलै २०१८ च्या अविश्वास ठरावाला शिवसेना मतदानालाच गेली नाही, ना सरकारच्या बाजूने ना विरोधात, आणि तेव्हा सरकारात मंत्री होते. डिसेंबर २०१९ ला नागरिकत्व विधेयकाला लोकसभेत बाजूने मत, आणि दोन दिवसांनी राज्यसभेत त्याच पक्षाचा सभात्याग. माणसं तीच, पक्ष तोच. आता यावरून 'खासदाराचं मत' म्हणून काय काढणार तुम्ही?

पायरीचा_आंबा

म्हणून तर म्हणतो मतं बघू नका, कामं बघा. २०२४ ला लोकांनी ४७ हजार ८५८ च्या फरकाने नारायण राणेंना पाठवलं ते काय नागरिकत्व कायद्यावरचं मत बघून पाठवलं का?

तिरफळ

कामं बघा म्हणणं सोपं आहे रे. खासदाराचं काम सभागृहात कायदा करणं, पाखाडी (वाडीतली दगडी पायवाट) आणि समाजमंदिर बांधणं नव्हे, त्याला जिल्हा परिषद आहे. आपणच खासदार निधीच्या पाटीवर नाव बघून मत द्यायला लागलो. दंडवत्यांच्या वेळेला खासदार निधीच नव्हता, तो ९३ ला आला, तरी माणूस पाच वेळा निवडून आला. यावर विचार कर.

पायरीचा_आंबा

विचार केला. पाखाडी नसेल तर पावसात म्हातारीला खाली रस्त्यापर्यंत उचलून न्यावं लागतं. माझं मत पाखाडीलाच.

चाकरमानी_कल्याण

आता ह्यो आसली मुद्द्यार इलो 😂 पण सावंतवाडीच्या टर्मिनसाक दंडवत्यांचा नाव देऊक व्हया की नको, ता सांग आधी.

पायरीचा_आंबा

नाव द्या की, माझी ना नाही. आधी टर्मिनस पुरं करा.

कातळसडा

सोलकढीताई, त्या पीडीएफमध्ये शोधायचं कसं ते जरा सविस्तर सांगाल का? नावाने सर्च मारला तर दंडवत्यांची भाषणंच येतायत शेकड्याने, मतांच्या याद्या काही दिसत नाहीत.

सोलकढी

नावाने नका शोधू. आधी घटनादुरुस्तीची तारीख काढा, त्या दिवसाची चर्चा उघडा आणि शेवटाकडून मागे या, कलमवार मतदान शेवटीच असतं. एकेका कलमाला वेगळी यादी असते त्यामुळे तेच तेच नाव पुन्हा पुन्हा दिसेल, घाबरू नका. स्कॅन खराब असतात, सर्चवर विसंबू नका, डोळ्यांनीच वाचा. ४४वीपासून सुरुवात करा, ऑगस्ट आणि डिसेंबर ७८ दोन्ही महिने बघा, राज्यसभेने काही कलमं गाळली होती म्हणून ती लोकसभेत दुसऱ्यांदा आली.